अर्धा आजारी, वाटा किती?

कुणकेश्वर,
१८ फेब्रुवारी

चि. सौ. सुभद्रा हिला थोरल्या भावाचे ओंजळभर आशीर्वाद.

भावोजींचा गुडघा कसा आहे? पायऱ्या उतरताना अजून देवाचं नाव घेतात की आता शिव्यांवर आले? तुझ्या सासूबाईंची नवी कवळी बसली का? दिव्याचा खोकला गेला का? (लॅबमध्ये दिवसभर लोकांना सुया टोचणारी तुझी लेक घरी काढा बघून पळते, कमाल आहे.) म्हशीलाही विचारलंय म्हणून सांग. राहिलो मी, आणि त्यासाठीच हा कागद घेतला. फोन केला की तुझी वहिनी, पद्मावती, तो स्पीकरवर टाकते आणि माझ्या आजारात मध्येमध्ये दुरुस्त्या करते.

गेल्या गणेश चतुर्थीपासून मला थंडी वाजते. भर दुपारी लोक बनियन पिळतायत आणि मी कानटोपीत. सकाळी तोंड भिजवलेल्या पावासारखं सुजतं, आवाज घोगरा, पोट तीन-तीन दिवस संपावर. जेवण कमी झालं तरी वजन वाढलं (कमी झालं हे पद्मावतीला मान्य नाही), आणि टेकेन तिथे झोप. घरी झोपलो तर कोण विचारतो? पण मी रापणीवर झोपलो.

तू लग्न होऊन पिंगुळीला गेलीस त्याला चाळीस वर्षं झाली, म्हणून आठवण देतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोन्ही अंगांना वीस-वीस माणसं दोराला, आणि प्रत्येकाला माशांचा एक वाटा. आजाऱ्याचा वाटा घरपोच, ही बाबांच्या वेळची रीत. त्या दिवशी शेवटाला बसून आलेला दोर गुंडाळायचं काम माझं होतं. मी गुंडाळीवरच घोरायला लागलो. दोर येत राहिला, माझ्या अंगावर साचला, त्याचा गुंता झाला, आमची बाजू अडली, जाळं तिरकं झालं आणि अर्धे बांगडे वाट सापडल्यासारखे निघून गेले. डोळे उघडले तर वर दाजी, आमच्या रापणीचा म्होरक्या. “गणपत, रापणीक इलस काय निजाक? उशी आणू?” लोक हसले, पण बांगडे गेल्याचं हसू कसलं असतं ते तुला ठाऊक आहे. कोणीतरी मागून ‘आळशी’ म्हणालं. अडुसष्ट वर्षांत मला हा शब्द कोणी लावला नव्हता.

म्हणून पद्मावतीने मला जामसंड्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्त दिलं. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, थायरॉईडचा टीएसएच सहा पूर्णांक आठ आहे, साडेचारापर्यंत हवा, पण दुसरा आकडा ठीक आहे. काठावर आहात, या वयात लगेच गोळी नको, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. मी म्हटलं, साहेब, एवढा समुद्र पोटात गेलाय, आयोडीन कमी कसं पडेल? ते म्हणाले, त्याचा इथे संबंध नाही, आणि मीठही वाढवू नका. (पद्मावतीने ऐकलं ते एवढंच. तेव्हापासून आमटीला चव नाही.)

मी रिपोर्ट घेऊन ऐटीत रापणीवर गेलो. आळस नव्हता, हा बघा कागद! मासे घ्यायला आलेली किशोरी म्हणाली, “थायरॉईड? तो बायकांचो आजार. काकांका आता डोहाळेजेवण करूया!” दाजीने मात्र कागद उलटासुलटा वाचला आणि कपाळाला हात लावला. “आजारी आसस तर घरात रव, वाटो पोचता. बरो आसस तर दोर धर. ह्या काठावरच्याक मी खंय बसवू?” एकजण म्हणाला अर्धा वाटा, दुसरा म्हणाला सहा पूर्णांक आठ बांगडे. तासभर वाद झाला. ठरलं ते असं, की दुसरा रिपोर्ट येईपर्यंत मी वाळूवर बसून सगळ्यांच्या चपला आणि मोबाईल सांभाळायचे. वाटा मात्र पुरा देतात, दाजी स्वतः पिशवीत घालतो. सुभद्रे, ती पिशवी घरी आणताना जेवढी जड लागते, तेवढा दोर कधी लागला नाही.

बाकी इकडे सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
गणपतदादा

ता.क. सोबत सुके बांगडे पाठवतो. ते त्याच अर्ध्यातले आहेत, जे गेले नाहीत.

ता.क. दुसरा. डॉक्टरांनी सांगितलेले तीन महिने कधीच उलटून गेले. मी दोनदा जामसंड्याला जाऊन लॅबच्या पायरीवरून परत फिरलो, भजी खाल्ली, आणि घरी सांगितलं की लॅब बंद होती. तुला खरं सांगतो. आकडा वाढला असेल तर गोळी आहे, महिन्या-दोन महिन्यांत दोराला हात लावीन. पण उतरला असेल तर? मग आजार गेला आणि मी असाच राहिलो, म्हणजे हे नुसतं वय. त्याला कुठली गोळी? दिव्याला येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी पाठव. तिने घरीच रक्त घ्यावं आणि आकडा आधी मला एकट्याला सांगावा. काय असेल ते दाजीला मी माझ्या तोंडाने सांगेन, आणि कमीच निघाला तर त्याला म्हणेन, आता वाटाही कमी कर. उपाशी राहायचं असतं का, बिनसाखरेचा चहा चालतो का, एवढं तिला विचारून लगेच दोन ओळी टाक.