सकलेशपूरचं रान

ती. उपेंद्रकाका,

नमस्कार केवळ सवयीने लिहिते आहे.

ब्राझीलमध्ये कडाक्याच्या थंडीने कॉफी जळाली आणि आपल्याकडे भाव चढला. बाबा बंगळुरात केमो घेत होते, तेव्हा तुम्ही त्यांना न विचारता सकलेशपूरचं सामाईक रान तोडून कॉफी लावलीत. वर म्हणालात, "दादा, जगाला कॉफी हवीय, तुझी झाडं नकोत."

तुमच्या जर्मन गिऱ्हाइकाला आता जंगल तोडून लावलेली कॉफी नको आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून ते तपासायचं काम बंगळुरात, बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात चालतं. तुमच्या मळ्याची तपासणी सहकाऱ्याकडे होती, ती मी मागून घेतली. आधीचं रान आणि नंतरची उघडी टेकडी, दोन्ही चित्रं त्या गिऱ्हाइकाला पाठवली. खोटं काहीच लिहावं लागलं नाही.

काल तुम्ही बाबांना फोन केलात, "माल का नाकारला, सिद्धीला विचार." त्यांना तुमची दया आली. म्हणाले, "बघ गं स्वल्प, जरा काही करता आलं तर. भाऊ आहे माझा." मी "सरी, बघते" म्हटलं.

हे पत्र मी टाकणार नाही. कारण कळलं, तर मला शिव्या देऊन तुम्ही मोकळे व्हाल. तेवढंही सुख तुम्हाला मिळू नये.

तुमच्या दादाची मुलगी,
सिद्धी