गुडघ्याच्या एक्स-रेतून दिलेलं मत

तीर्थस्वरूप दादास,

खुर्चीत बसल्या बसल्या जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनी फोनवर म्हणत होती, डॉक्टरांनी वजन उचलायची मनाई केल्यापासून तू भाजीची पिशवीसुद्धा उचलत नाहीस, स्वतःच्या जेवणाचं ताटही नाही. काळजी घे. (वहिनीची पण घे.) आमच्याकडे प्रकृतीने सगळे ठीक. बाकी जे घडलं ते मीच लिहिलेलं बरं, कारण तुझे मेहुणे सांगायला बसले की त्यांच्या गोष्टीत ते जरा उंच होतात आणि मी जरा भांडखोर. उंचीबद्दल मी काही बोलू शकत नाही. भांडणाचं म्हणशील तर ते झालं.

आमच्या रुग्णालयात मी टेलिफोन एक्स्चेंजवर बसते आणि हे तळघरात भांडार सांभाळतात, हे तुला ठाऊकच आहे. तीनशे चाळीस एक्स्टेन्शन मला तोंडपाठ आहेत. ऑपरेशन अर्धवट असताना दुसऱ्या सर्जनना कुठल्या मजल्यावर गाठायचं, ते लोक माझ्यावर सोपवतात. आणि तीच माणसं मी उठून पाणी प्यायला निघाले की दंडाला धरून कूलरपर्यंत पोचवतात. बावीस वर्षं झाली, कूलरने जागा बदललेली नाही. तर आमच्या कर्मचारी संघटनेच्या अध्यक्षाची निवडणूक दर तीन वर्षांनी होते. नियम असा की अंध सभासदाने मदतनीस आणावा, त्याच्या कानात नाव सांगावं आणि त्याने शिक्का मारावा. अंध सभासद मी एकटीच, त्यामुळे हा नियम सार्वजनिक कमी आणि घरगुती जास्त. आजवर मदतनीस हेच असायचे. पडद्याआड मी कुजबुजायची, हे शिक्का मारायचे, आणि मी कर्तव्य बजावल्याच्या समाधानात कँटीनचा चहा प्यायची. यंदा मात्र हे स्वतःच उभे राहिले. (भांडारात इतकी वर्षं काढली की माणसाला वाटायला लागतं, आपल्या सहीशिवाय जगात काही हलत नाही.) समोर धुलाई विभागाच्या प्रमुख बाई. फार सौम्य बाई, आवाजसुद्धा इस्त्री करून घडी घातल्यासारखा.

आता उमेदवारच मदतनीस कसा होणार? मी जेवताना सहज म्हटलं, एक्स-रे विभागातल्या माझ्या मैत्रिणीला घेऊन जाते. त्यावर हे म्हणाले, "कुणालाही ने, पण जरा समज असलेलं माणूस ने. गेल्या वेळी मी नसतो तर तुझं मत फुकटच गेलं असतं."

मी विचारलं, म्हणजे काय. यांचा चमचा ताटात दोनदा वाजला. मग म्हणाले, "तू धुलाईबाईंचं नाव सांगितलंस. त्या काही निवडून येणार नव्हत्या. म्हणून मी दुसऱ्या नावावर मारला."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तू बरोबर नाव सांगितलं होतंस."

दादा, धुलाईबाई त्या वेळी दोन मतांनी पडल्या होत्या. मी स्वतः त्यांच्या हातात हात देऊन सांगितलं होतं, माझं मत तुम्हालाच होतं हं. ते खोटं ठरलं आणि मला तीन वर्षं पत्ता नाही. राग तर आलाच, पण रागापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं. आपलं म्हणून जपून ठेवलेलं कपाट उघडावं आणि आत दुसऱ्याचेच कपडे निघावेत, तसं. यांना तर आपलं काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच केलं होतं, रस्ता ओलांडताना हात धरतात तितक्याच प्रेमाने. पुढचे दोन दिवस भांडारातून फोन आला की मी फक्त "कुठला विभाग हवाय?" एवढंच विचारायची.

तिसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. मला माझं मत माझ्या हाताने आणि एकटीने द्यायचं आहे, त्याची सोय करावी. निवडणूक अधिकारी म्हणून आमच्या प्रयोगशाळेचे निवृत्त प्रमुख होते. त्यांना सगळे सूक्ष्मदर्शक म्हणतात, कारण ते प्रत्येक कागद नाकाजवळ नेऊन तपासतात. माणूस भला. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं (ग्लास माझ्या हातात देऊन वर माझी बोटंही त्याच्याभोवती मिटवली) आणि म्हणाले, एवढं कशाला, मीच तटस्थ आहे, मला नाव सांगा, मी शिक्का मारतो. अडचण एवढीच की त्यांना कमी ऐकू येतं. मी नाव सांगितलं असतं तर ते रक्तपेढीपर्यंत पोचलं असतं. मी म्हटलं, साहेब, बाकी एकशेपंधरा जणांनी कुणाला मत दिलं ते तुम्हाला कळणार आहे का? ते म्हणाले, छे, ते तर गुप्त असतं. माझा अर्ज पुन्हा उचलल्याचा आवाज आला. मग म्हणाले, बघतो.

आठवड्याने त्यांनी मला मोठ्या आनंदाने बोलावून घेतलं. ब्रेलमधली मतपत्रिका तयार होती. अंधशाळेतल्या एका शिक्षिकेकडून त्यांनी ती मुद्दाम करून आणली होती. मी बोट फिरवलं. गुळगुळीत. उलटी केली, तिकडूनही गुळगुळीत. मी विचारलं, ठिपके कुठे आहेत? सूक्ष्मदर्शक म्हणाले, हे काय, स्वच्छ काळे दिसतायत. दादा, त्यांनी त्या कागदाची झेरॉक्स काढून आणली होती. मूळ प्रत फाइलला लावली होती, खराब होऊ नये म्हणून. मी हसले नाही. माझ्यासाठी कुणी एवढी पायपीट केल्यावर हसायला जीव होत नाही. मूळ प्रत मागवून वाचली, फार सुबक होती. पण तेव्हा दुसरीच अडचण लक्षात आली. एकशेसोळा मतपत्रिकांत ठिपक्यांची एकच असणार. मोजणीच्या टेबलावर ती निघाली की टेबलाभोवतीचे सगळे म्हणणार, आल्या टेलिफोनवाल्या बाई. मग माझ्या मतात गुप्त ते काय राहिलं?

तोडगा निघाला माझ्या एक्स-रेवाल्या मैत्रिणीच्या टेबलावर. तिच्याकडे जुन्या फिल्मचा ढीग असतो. ती म्हणाली, मतपत्रिका सगळ्यांसारखीच ठेव, फक्त तिच्यावर फिल्मचा साचा बसव. प्रत्येक नावासमोर एक खिडकी कापायची आणि खिडकीशेजारी फिल्मवरच टोचून ठिपक्यांत नाव उमटवायचं. खिडकीतून शिक्का मारायचा, साचा काढून परत द्यायचा, आणि खाली राहते ती चारचौघांसारखी मतपत्रिका. आता खिडक्या मापात कापायला हात सरळ हवा. आमच्या रुग्णालयात सर्वांत सरळ हात भांडारपालाचा, हे मैत्रिणीलाही माहीत आणि मलाही. संध्याकाळी मी फिल्म आणि मतपत्रिकेचा नमुना यांच्यासमोर ठेवला. थोड्या वेळाने पट्टी ठेवल्याचा आवाज आला, मग ब्लेडचा. एकदा थांबून म्हणाले, "कोपरा तिरका कापतो, म्हणजे वरची बाजू कुठली ते कळेल तुला." ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मग बरंच काम झाल्यावर खालच्या आवाजात म्हणाले, "गेल्या वेळचं मी चुकीचं केलं." मी म्हटलं, हो. आणि चहा टाकला. (फिल्म कुणाच्या तरी उजव्या गुडघ्याची होती. त्या अनोळखी माणसाचा गुडघा बरा झाला असो.)

मतदानाच्या दिवशी सूक्ष्मदर्शक मला पडद्यापर्यंत सोडून गेले. मग परत आले आणि विचारलं, दिवा लावू का? मी म्हटलं, तुमची सोय बघा. मग आत मी एकटी. पत्रिका सरळ केली, साचा बसवला, तिरका कोपरा चाचपला, दोन्ही नावं दोनदा वाचली. बाहेर रांगेत कुणीतरी म्हणालं, फार वेळ लागतोय. त्यावर कँटीनच्या मावशी म्हणाल्या, "लागू दे. बावीस वर्षांचं एकदम देतेय ती." मला हसू आलं आणि मी शिक्का मारला. कानात कुणाचा श्वास नव्हता, खांद्यावर कुणाचा हात नव्हता. घडी घालून पेटीत टाकली. कागद पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज तुला किरकोळ वाटेल. मी तो जिना उतरताना मनात परत परत ऐकला.

मोजणीत धुलाईबाईंना अठ्ठावन्न, यांना सत्तावन्न आणि एक मत बाद. शिक्का बरोबर दोन नावांच्या मधल्या रेषेवर पडला होता. सूक्ष्मदर्शकांनी ती पत्रिका नाकाशी नेली, दोन्ही उमेदवारांना दाखवली आणि सुस्कारा टाकला. तो सुस्कारा कुणासाठी होता ते अख्ख्या हॉलला कळलं. कुणी काही वाईट बोललं नाही. तोच तर त्रास. संध्याकाळपर्यंत निदान वीस जणांनी मला फोनवर सांगितलं की मनाला लावून घेऊ नका, प्रयत्न केलात हेच खूप. एक जण म्हणाला, नवऱ्याला एका मताने पाडलंत की हो, बिचारे. आणि सोमवारच्या बैठकीत ठराव येणार असल्याची कुणकुण लागली, की पुढच्या वेळेपासून साचा बंद, मदतनीस सक्तीचा. हे मात्र घरी अगदीच मुके झाले. मला वाटलं, हरल्याचं दुःख. फक्त एक गोष्ट वेगळी होती, कप बशीवर ठेवल्याचा आवाज दोन दिवस डावीकडून येत होता. हे तर उजव्या हाताचे.

सोमवारी बैठकीला मी साचा मागवून घेतला. मी म्हटलं, मी कुणाला मत दिलं ते सांगणार नाही, पण ती बाद पत्रिका काढा आणि तिच्यावर हा साचा ठेवा. सूक्ष्मदर्शकांनी ठेवला. मी विचारलं, शिक्का खिडकीत दिसतोय का? टेबलाभोवती सगळे वाकून बघायला जमले. शेवटी धुलाईबाई त्यांच्या घडीच्या आवाजात म्हणाल्या, "नाही. शिक्का फिल्मच्या पट्टीखाली आहे. इथे बाईंना मारताच आला नसता."

सूक्ष्मदर्शक म्हणाले, तरीपण फिल्म घसरली असेल. दोन-चार जणांनी हो हो केलं. आणि तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची मागे सरकली. हे उभे राहिले. म्हणाले, "ते मत माझं आहे. फोटो काढणार होते म्हणून चष्मा खिशात ठेवला होता. शिक्का कुठे पडला ते मला दिसलंच नाही. शाई अंगठ्याला लागली, त्याचा ठसाही आहे कोपऱ्यात." आणि त्यांनी हात वर केला असावा, कारण सगळीकडून एकदम खुर्च्या वाजल्या. रुग्णालयाची ती जांभळी शाई आठवडाभर जात नाही. अंगठा दोन दिवस खिशात होता, घरी मला दिसत नसूनही, म्हणून डावा हात. मोजणीच्या टेबलावरच ओळखलं होतं त्यांनी आणि गप्प राहिले होते.

लोक हसले, दादा. खूप हसले. स्वतःचं मत स्वतःलाच न मिळालेला उमेदवार रोज बघायला मिळत नाही. यांचा हात माझ्या हाताशेजारी होता, मी तो धरला. घामाने ओला होता. ते गप्प राहिले असते तर हे कुणालाच कधी कळलं नसतं, मलासुद्धा. हसणं संपल्यावर कँटीनच्या मावशींनी विचारलं, आता मदतनीस कुणाला सक्तीचा करायचा? ठराव कुणी मांडलाच नाही. उलट साचा नियमांत गेला, आणि ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांनाही तो मागता येईल असं धुलाईबाईंनी त्यात घालून घेतलं. अध्यक्ष म्हणून त्यांचं हे पहिलं काम. हे आता रोज भांडारात बसून लोकांची थट्टा ऐकतात आणि घरी येऊन मला सांगतात. त्यांच्या गोष्टीत ते हल्ली तितके उंच होत नाहीत.

बाकी सगळं क्षेम. तुझ्या कमरेला शेक देत जा. वहिनीला माझं प्रेम.

तुझी धाकटी

ता. क. पत्र लांबलं, पण ते लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा आईचा फोन आला होता. तिची नजर गेल्या दोन वर्षांत पारच गेली आहे, आणि पुढच्या महिन्यात तुमच्या गृहसंस्थेचं मतदान आहे. मी विचारलं, कुणाला देणार? ती म्हणाली, "दादाला माहीत असेल. तोच देतो, बाहेर येऊन मला सांगतो, झालं म्हणून." दादा, तू तिला नाव तरी विचारतोस का? साचा तिथेही चालतो, मी विचारून घेतलंय, फक्त मागणी पंधरा दिवस आधी करावी लागते, अर्ज मी टाइप करून सोबत जोडला आहे. ठिपके आईला वाचता येत नाहीत, म्हणून खिडक्या मोजायला शिकव, वरून पहिली, वरून दुसरी. तिने आयुष्यभर भाकऱ्या मोजल्या, खिडक्या जमतील. आणि तू पडद्याबाहेर उभा राहा.

ता. क. दुसरा. मी कुणाला मत दिलं हे विचारायला तू फोन करशील, हे मला माहीत आहे. हे पण तुझ्याकडूनच काढून घ्यायच्या विचारात आहेत. म्हणून आधीच सांगते, एक्स्चेंजवर तुझा फोन आला की मी "कुठला विभाग हवाय?" एवढंच विचारणार आहे.