पौषातले टायर

३ जाने. ८७, शनि.
घरच्या पिकअपचे मागचे टायर गुळगुळीत. केनने अंगठा फिरवला आणि मान हलवली. गॅरेजवाला केन आगाऊ बोलणारा नव्हे, आज बोलला: जोर मागच्या चाकांवर असतो, निदान मागे तरी खोल नक्षीचे नवे घाल, चारही घातलेस तर उत्तम. घरी सांगितलं. सासूबाईंनी तव्यावरची पोळी करपू दिली. "पौषात नवी वस्तू?"

४ जाने.
माधवने कुणाचीच बाजू घेतली नाही. आईपुढे नवऱ्याचं हे नेहमीचंच. सासऱ्यांनी स्कूटर पौषात घेतली होती, त्याच महिन्यात गेले. सासूबाई ते बोलून दाखवत नाहीत, नुसत्या गप्प होतात, आणि मग माझं काही चालत नाही. संक्रांतीपर्यंत थांबा म्हणे. अन् टेकडीवर मि. हॅरिस? एकटे, डोळ्यांनी दिसत नाही, त्यांची नर्स मी, रोज सकाळचं इन्शुलिन मीच टोचते. माझी छोटी मिनी गाडी तर तिथे पावसातही कुंथते, पिकअपच लागते.

६ जाने., मंगळ.
सुचलं! भंगारवाल्याकडचे वापरलेले टायर. जुन्याला पौषाची हरकत कसली? सासूबाई चक्क हसल्या, "वकील व्हायला हवं होतंस तू." नक्षी छान खोल आहे. केनने बसवून दिले, पण रबराला नख लावून म्हणाला, फार जुनं आहे, दगड झालाय, गारठ्यात धरणार नाही. हे घरी बोलले नाही. स्वतःवर खूश होते ना.

११ जाने., रवि.
बर्फ. मि. हॅ.कडे पोचले, टोचलं, दोघांनी चहा घेतला. उतरताना गाडीचा मागचा भाग दोनदा सरकला. ते म्हणाले होते, उद्या असंच असलं तर येऊ नकोस. मी म्हटलं, येणारच.

१२ जाने., सोम.
नाही पोचले.
चढाच्या पहिल्या वळणावर चाकं जागच्या जागी फिरत राहिली, मग गाडी आडवी होऊन कुंपणात. चालत निघाले तर बर्फ मांड्यांपर्यंत. परत फिरले. त्यांचा फोन लागत नाही. ऑफिसला कळवलं, अँब्युलन्सही वर जाऊ शकत नाही म्हणतात. केनचं ते नख सारखं डोळ्यांपुढे.

१३ जाने., मंगळ.
एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून वर गेले. हॅ. किचनमध्ये जमिनीवर. श्वास चालू, हाकेला ओ नाही, तोंडाला इन्शुलिन चुकलं की येतो तो गोडसर वास. ट्रॅक्टरवरूनच खाली आणले, मग अँब्युलन्स. केटलीशेजारी दोन कप मांडून ठेवले होते.

१४ जाने., बुध.
संक्रांत. हॅ. शुद्धीवर नाहीत. वॉर्डवर विचारलं तर "स्टेबल", एवढंच.
सुपरवायझरचा फॉर्म आलाय. न पोचण्याचं कारण. वाहनाची स्थिती. टेबलावर घेऊन बसले होते, सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.
"सुधा, त्यात माझं नाव लिही. मी अडवलं तुला."
असू दे म्हटलं. त्यांनी नव्या टायरांना अडवलं होतं. जुने मी शोधले, केनचं बोलणं मी गिळलं. हे त्यांना सांगायला जीभ रेटली नाही. त्या दोष स्वतःकडे घेऊन तशाच देवघराकडे गेल्या आणि मी, लाज वाटते लिहायला, मला बरं वाटलं. तिळगुळाचा डबा कुणी उघडला नाही.

१६ जाने., शुक्र.
चारही नवे घातले. सासूबाई गॅरेजवर आल्या, चाकांना हळदकुंकू लावलं. केन टोपी काढून उभा राहिला.
हॅ.च्या मांजराला खायला घालायला वर गेले. त्या वळणावर चाक तसूभरही सरकलं नाही, दहा मिनिटांत वर. इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.
कप तसेच आहेत. उचलले नाहीत. ते आल्यावर बघू.
फॉर्मवर तारीख घातली आहे. तिच्यापुढे कारणाचा रकाना अजून कोराच.