टाकीत पडणारं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस नळ कोरडे, त्यात दुपारपासून वादळ आणि लाइट गेलेली. पाचला सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीला कान लावला, तर आत पाणी पडत होतं! पंपदुरुस्तीत जन्म गेला, हा आवाज मला नाही कळणार? जिन्यात उभा राहून ओरडलो, "पाणी आलं!" सगळ्यांनी बादल्या शेंदून नेल्या. जरा गढूळ होतं, पण पावसाळ्यात नळाचंही असतंच. वरचा सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "काका, महापालिकेने तुमचे कानच भाड्याने घ्यावेत." मीही फुगलो.

मग महापालिकेच्या पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हवाल्याला आभाराचा फोन केला. तो म्हणाला, "थट्टा करता का राव? लाइट नाय, पंपिंग बंद हाय. पाणी सोडलंच नाय."

मग टाकीत पडतंय ते काय? टॉर्च मारला. भिंतीच्या फटीतून येतंय. भिंतीपलीकडे नाला. हे आधी का नाही पाहिलं मी?

दारोदार सांगत फिरलो, सगळ्यांनी ओतून दिलं. शेवटी तळमजल्यावर शबानाभाभी. म्हणाल्या, "मघाशीच त्यात पावडर कालवून बाळाला दूध पाजलं."

"उकळलं होतं?"

"गॅस संपलाय. तुरटी फिरवली की. नळाचं म्हणून तुम्हीच ओरडलात ना?"

डॉक्टर फोनवर म्हणाले, उलटी-जुलाब झाले तर लगेच आणा. आणायचं कसं? रस्त्यावर झाड आडवं, रिक्षा नाही. ते पाणी अजून पडतंय, इथवर ऐकू येतं. बाळ झोपलंय. भाभींना सांगून आलोय, जरा कुरकुरलं तरी हाक मारा, मी उचलून चालत नेतो. दार उघडं टाकून, बूट घालून बसलोय.