माझ्यामागे प्रेस बंद पडू नये म्हणून

मी, खाली सही करणारी, वय पूर्ण सदुसष्ट, व्यवसाय मुद्राचित्रकार, राहणार याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाचे दडपण नसताना आणि कोणाचीही भीड न ठेवता लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. वकिलांच्या मसुद्यात व्यवसायापुढे ‘सेवानिवृत्त’ असे टंकले होते. ते मी खोडले आहे आणि शेजारी छोटी सही केली आहे. वकील म्हणाले, “बाई, पोट ज्यावर भरलं तो व्यवसाय लिहायचा असतो.” मी म्हणाले, “पोट लेबलांवर भरलं. पण मी काय लेबल आहे?” मग त्यांनी पेन माझ्या हातात दिले.

बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल तसा दाखला ते देत नाहीत. झडप कामातून गेली आहे, आणि प्रेसचे चाक फिरवायला त्यांनी मनाई केली आहे. मनाई मी ऐकून घेतली आहे.

कलम १. या मृत्युपत्राचा हेतू एकच आहे. इमारतीच्या मागच्या अंगाला माझा जो गाळा आहे, त्यातली प्रेस माझ्यामागे बंद पडू नये. बाकीची कलमे कायद्याला लागतात म्हणून आहेत.

एचिंग म्हणजे काय हे कोर्टाला माहीत असण्याची सक्ती नाही, म्हणून सांगते. तांब्याच्या पत्र्याला मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्या मेणात चित्र ओढायचे आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. जिथे मेण खरवडले तिथेच अ‍ॅसिड तांबे खाते. मग त्या रेघांत शाई भरायची, वर दमट कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून दाबून काढायचा; कागदावर उमटतो तो ठसा. ही शेवटची पायरी प्रेसशिवाय होत नाही आणि प्रेस काही कोणाच्या घरी नसते. कॉलेज संपले की इतर चित्रकारांना निदान कागद-पेन्सिल तरी उरते. आमच्या हाती नुसती सुई उरते. ती घेऊन काय रफू करायचे?

कलम २. तिसऱ्या मजल्यावरचे घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सर्व सामान चिरंजीवांना मिळावे. तो गुणी आहे. त्याची एकच तक्रार असते, की आई ऐकत नाही. मागच्या महिन्यात दवाखान्यातून परत येताना म्हणाला, “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आई.” त्याला या कलमान्वये कळवते की मेल्यावरही ती घालवायचा माझा विचार नाही.

बाहेरच्या खोलीत उलट्या ठेवलेल्या स्टुलांचे जे चित्र आहे, तेही त्याचेच. ते विकायचे नाही. त्याचे वडील हिशेबनीस होते. चित्रातले आपल्याला काही कळत नाही, असे ते चारचौघांत सांगत. पण रोज सकाळी कामावर जायच्या आधी बाह्या सरसावून गाळ्यात येत आणि प्रेसचे चाक फिरवत. चाक एका लयीत फिरावे लागते. मध्ये थांबले तर ठशावर आडवा पट्टा उमटतो. त्या चित्राच्या दिवशी त्यांना शिंक आली होती. ती त्यांनी कागद पलीकडे पडेपर्यंत धरून ठेवली, डोळ्यांतून पाणी आले तरी. मी बरीच प्रदर्शने पाहिली आणि कलेवरची भाषणेही ऐकली. माझ्या कामाला इतका मान दुसऱ्या कोणी दिलेला नाही. त्यांची मला रोज आठवण येते.

कलम ३. कपडे वाळत घालायचे सर्व लाकडी चिमटे, शाईच्या डागांसकट, माझ्या नणंदेला द्यावेत. चिरंजीव तान्हा असताना तिने दोरीवरचे माझे ओले ठसे काढून दुपटी वाळत घातली होती. ठसे तिने नीट घडी करून एकावर एक ठेवले. ते एकमेकांना चिकटले. मी बोलले तर म्हणाली, “कागदच ते वहिनी, परत छापता येतात की.” दुपटी वाळली, हेही खरे आहे. चिमटे तिने नाकारले तर पोस्टाने पाठवावेत.

कलम ४. माझ्या जुन्या कॉलेजला काहीही देऊ नये.

कारण लिहू नका, असा वकिलांचा सल्ला आहे. कारण असे. आमच्या वर्गात एचिंगला दोन मुली होत्या, मी आणि मुंगी. चण लहान आणि रेघ त्याहून बारीक, म्हणून ती मुंगी. ती माझ्यापेक्षा चांगली होती. मला एक झाड काढायला आठवडा लागे. ती खिडकीत बसून बोलता बोलता अख्खा रस्ता काढी, आणि त्यातल्या सायकलींच्या तारासुद्धा मोजून घ्याव्यात. शेवटची परीक्षा झाली आणि आम्ही दोघी विभागप्रमुखांकडे गेलो. म्हणालो, “सर, रविवारी प्रेस बंदच असते. आम्हाला वापरू द्याल का? शाई-कागद आमचा आणू.” ते म्हणाले, “आता तुम्ही बाहेरच्या. आणि खरं सांगू का? पाच वर्षांनी तुमच्यातली एक जरी हे करताना दिसली, तर माझं नाव बदला.” बाहेर आल्यावर मुंगी रडली. मला रडू आले नाही, मला राग आला. आमच्या दोघींच्या पुढच्या आयुष्यात जो फरक पडला, तो एवढ्यावरून पडला असे मला वाटते. सरांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते बदलायचे राहून गेले.

तो राग मला पुरला. औषधांच्या बाटल्यांची लेबले काढायच्या नोकरीला लागले. ‘वापरण्यापूर्वी हलवा’ हे शब्द मी जेवढ्या सुबक अक्षरांत काढले, तेवढ्या कोणी काढले नसतील. बंद पडलेल्या एका धुलाईखान्यातून चादरी पिळायचे यंत्र भंगाराच्या भावात आणले. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्यांनी त्याचे रूळ कातून दिले. काय बनवतोय हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळले नव्हते, पण रूळ एका केसाचाही फरक न पडता बसले. हा गाळा तेव्हा भाड्याचा होता; पुढे नोकरी सुटल्यावर जो फंड मिळाला, त्यात तो विकत घेतला. नातेवाईक म्हणाले, म्हातारपणाची सोय कर. मी म्हणाले, केली.

आता त्याच कॉलेजच्या प्राचार्यांना प्रेस हवी आहे. दर्शनी भागात, काचेच्या पेटीत, खाली माझ्या नावाची पाटी. फिरणार का, विचारले तर म्हणाले, “नाही हो, मुलं बोटं घालतील.” जी फिरत नाही ती प्रेस नसते, लोखंड असते. लोखंड त्यांनी बाजारातून घ्यावे.

कलम ५. माझ्या मृत्यूची बातमी द्यायची झाली तर त्यात ‘छंद’ हा शब्द येऊ नये. ‘नोकरी सांभाळून जोपासला’ हेही नको. मी नोकरी सांभाळून काम केले नाही. काम सांभाळून नोकरी केली. मला कोणी मोठ्या प्रदर्शनाला बोलावले नाही, हे बातमीत खुशाल लिहावे. बोलावतील म्हणून मी करत नव्हते, आणि बोलावले नाही म्हणून थांबलेही नाही.

कलम ६. छापून झालेले ठसे सपाट कपाटाच्या खणांत आहेत. त्यांत पाइप आहेत, जिने आहेत, कारखान्यातल्या कँटीनची स्टुले आहेत, समोरच्या गच्चीवरच्या टाक्या आहेत. ते चिरंजीवांनी विकावेत, वाटावेत किंवा ठेवावेत.

तांब्याच्या पत्र्यांचे, म्हणजे प्लेटांचे, मात्र तसे नाही. उन्हाळ्यात चित्रांच्या दालनाचे एक मालक येऊन गेले. त्यांनी सगळ्या प्लेटा उजेडाकडे धरून पाहिल्या आणि म्हणाले, “बाई, अजून ताज्या आहेत. तुमच्यानंतरसुद्धा यातून पन्नास-पन्नास काढता येतील. तेव्हा भावही वेगळा असेल.” म्हणजे मी कधी जाते याची वाट पाहणारा आणखी एक माणूस वाढला. त्यांना चहा दिला आणि जिन्याचा दिवा लावून दिला.

आमच्या कामात एक रीत आहे. प्लेटचे काम संपले की तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ खोल मारायची. मग ती प्लेट बाद. पुढे कोणी छापलीच तर रेघही छापली जाते आणि चोरी उघडी पडते. रेघ मारल्यावर शाई भरून एक शेवटचा ठसा काढून ठेवतात, बाद केल्याचा पुरावा म्हणून. मी आजवर एकाही प्लेटवर रेघ मारलेली नाही. काम संपले असे कधी वाटलेच नाही. आता ती सर्वच्या सर्व प्लेटांवर मारली जावी, असा माझा स्पष्ट आदेश आहे. वकिलांनी सुचवले, ग्राइंडरवाला बोलावू, अर्ध्या तासात होईल. नाही. रेघ हातानेच मारायची, सुईने, आणि ती कोणी मारायची हे कलम ८ मध्ये आहे.

कलम ७. हे मृत्युपत्र अमलात आणणारा निष्पादक म्हणून चिरंजीवांना नेमते. गाळा कुरिअरवाल्याला भाड्याने द्यावा असे त्याला वाटत होते, हे मला माहीत आहे. ज्याला पटत नाही त्याच्याच हाती हे सोपवते, कारण तो बापासारखा आहे. पटले नाही तरी चाक मध्ये थांबवणार नाही.

कलम ८. गाळा, त्यातली प्रेस, सर्व हत्यारे, शाई, कागद आणि तांब्याच्या सर्व प्लेटा मी मुंगीला देते. पूर्ण मालकीने देते. वर्षातून किती दिवस यावे, काय काढावे, कोणाला दाखवावे, अशी कोणतीही अट नाही. गाळ्याची दुसरी किल्ली लेथवाल्यांकडे आहे आणि चाक फिरवून द्यायचे त्यांनी कबूल केले आहे. माझ्या मृत्यूनंतर एका वर्षात तिने कुलूप उघडले नाही, तर प्रेस भंगारात घालावी आणि प्लेटा वितळवाव्यात. कॉलेजला द्यायची नाही, दालनालाही नाही.

यातले मुंगीला काही माहीत नाही. माहीत असते तर तिने आधीच नाही म्हणून टाकले असते. म्हणून पुढचे तिच्याशीच बोलते. वकिलांना हे कलमात बसत नाही असे वाटते, पण कागद माझा आहे.

मुंगे, मागे वर्गातले सगळे जमलो तेव्हा तू मला विचारलेस, “तू अजून करतेस ते?” मी म्हणाले, “तू का नाही करत?” मग तू यादी वाचलीस. आधी जागा नव्हती, मग मुले लहान होती, मग सासूबाईंचे आजारपण, प्रेस तर कधीच नव्हती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडे. ते खोटे होते. तुला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले नाचता येत होते, आणि अंगण खरेच वाकडे होते. निघताना तू हळूच म्हणालीस, “आता हात राहिला नाही गं.” मी रिक्षा थांबवली. उत्तर आता देते. हात राहत नसतो, ठेवावा लागतो, आणि गेला तर परत बोलवावा लागतो.

मला तुझा राग आहे. पंचेचाळीस वर्षे आहे. मी रोज सकाळी या गाळ्यात यायचे, माझी जाड, हट्टी रेघ ओढायचे, आणि हे काम हिच्या हातून किती वेगळे झाले असते ते मला दिसायचे. आपण दुसऱ्या क्रमांकाच्या आहोत हे माहीत असून रोज काम करायला छाती लागते. ती मी दाखवली. पहिल्या क्रमांकाची मात्र घरी बसली होती. हे मला पटलेले नाही, मरतानाही पटणार नाही.

आता तुला जागा आहे, वेळ आहे, प्रेस आहे. सबब एकही शिल्लक ठेवलेली नाही, मी नीट तपासले आहे. सुया डाव्या खणात धार लावून ठेवल्या आहेत. माझी कोणतीही एक प्लेट घे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मार. माझ्या चित्राची दयामाया करू नकोस आणि रेघ वाकडी गेली तर जाऊ दे. मग शाई भर आणि ठसा काढ. प्लेटांची मागची बाजू मी वार्निश लावून अ‍ॅसिडपासून जपली आहे, ती कोरी आहे, पण ते नंतरचे.

त्या पहिल्या ठशावर चित्र माझे असेल आणि रेघ तुझी. पंचेचाळीस वर्षांतली तुझी पहिली रेघ. खाली सही तुझी कर.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला वाचून दाखवला गेला, आणि दोन्ही वेळा तो मला पसंत पडला.

सही : (शाईचे बोट लागले आहे, ते ग्राह्य धरावे)

साक्षीदार :
१. डॉक्टर, तळमजल्यावरील दवाखाना. यांनी सही माझ्यासमोर केली. प्रेसचे चाक तेव्हा फिरत नव्हते, एवढेच मी प्रमाणित करतो.
२. लेथवाले, शेजारचा गाळा. सही पाहिली. किल्ली माझ्याजवळ आहे.

स्थळ : गाळा, प्रेसशेजारचे टेबल
तारीख : नऊ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ