उजवीकडे उजळलेला चंद्र

प्रिय खडूबाई,

बुधवार, २५ मार्च, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. ही वेळ मी विसरलेले नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. तक्रार करायची तर आधी तारीख, मग वेळ, मग जागा, आणि रडारड सगळ्यात शेवटी, हे आपल्याला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनं शिकवलं होतं. तू तेव्हाही रडण्यापासून सुरुवात करायचीस. तर जागा: आपल्या इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाकीशेजारचा कोपरा. वर अर्धा चंद्र. मी वीस मिनिटं गुडघे टेकून, तिपाईच्या तिन्ही पायांची मनधरणी करून दुर्बीण चंद्रावर आणली. तू खुर्चीत बसलीस, नळीला डोळा लावलास, वहीत चित्र काढलंस, खाली 'दिसलं' असं लिहून सही ठोकलीस आणि उठून म्हणालीस, "मला आता या सगळ्याचा कंटाळा आलाय बाई. चंद्र तोच, खड्डे तेच. दुर्बीण तू ठेव." आणि कठडा धरून जिना उतरलीस. मी "अगं ए!" म्हणेपर्यंत पहिल्या मजल्यावर तुझं दार लागलंसुद्धा.

साठ वर्षांच्या मैत्रीत मला कोणी असं नळासारखं बंद केलेलं नाही. चौथ्या दिवशी मी भाचीकडे गेलेली असताना तुझी लेक गाडी घेऊन आली आणि तू तिच्या गावी निघून गेलीस. किल्ली तळमजल्यावरच्या शिंप्याकडे, निरोप नाही, चिठ्ठी नाही. तेव्हापासून मी तुला मनातल्या मनात रोज एक पत्र लिहिते आहे. पहिली तीन कागदावरही उतरवली होती. ती वाचली असतीस तर पुन्हा तोंड बघितलं नसतंस माझं, म्हणून फाडली. हे चौथं. अक्षर बोटभर मोठं आहे आणि जाड काळ्या पेनानं काढलंय, त्याबद्दल कुरकुर नको. पानं भरपूर होणार आहेत. पाकीट जाड दिसलं म्हणून घाबरू नकोस, आत फक्त मी आहे.

दुर्बीण ठेव म्हणे! ती काय एकटीची आहे माझ्या? आपल्या दोघींच्या सत्तरीची ती खरेदी. दुकानदारानं "आजी, नातवासाठी का?" असं विचारलं आणि मी म्हटलं, नातवाला त्याची त्याला घेऊ दे. भिंग सत्तर मिलीमीटरचं आहे म्हटल्यावर तू सत्तरीला सत्तर म्हणून हसत सुटलीस, आणि दुकानदाराला वाटलं की म्हाताऱ्यांना वेड लागलंय. त्या खोक्यात काय काय निघालं! जवळचं भिंग, लांबचं भिंग, चित्र दुप्पट मोठं करते असं सांगून चौपट धूसर करणारी जादा नळी, चंद्राचा उजेड कमी करणारी हिरवी काच. आणि पहिले दोन दिवस आपल्याला काळोखाशिवाय काही दिसलं नाही, कारण पुढच्या मोठ्या झाकणातलं बारकं झाकण तेवढं काढून आपण मोठं तसंच ठेवलं होतं. मी माहितीपुस्तक लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. तूच नळी उलटी धरून पुढून बघितलंस आणि म्हणालीस, "फौजदार, टोपी काढा, आत माणूस गुदमरतोय."

मग तो शनी. तू नळीवरून बाजूला होईनास. मी खांद्याला हात लावला तर तुझे गाल ओले. चाळीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवलेली बाई, फळ्यावर शंभरदा शनी काढलेला, आणि म्हणालीस काय, तर "अगं, हा खरंच आहे."

वहीचा नियम माझा, कबूल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली की माणसाला नोंदीशिवाय झोप येत नाही. आधी एकीनं बघायचं, मग दुसरीनं, आणि दोघींचं लिहून होईपर्यंत एकमेकींशी अवाक्षर बोलायचं नाही, म्हणजे एकीच्या बोलण्यानं दुसरीला दिसायला लागत नाही. मी चार ओळी लिहायच्या, तू औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून गोल मारायचास आणि आत चित्र काढायचंस. खाली दोन सह्या. एक सही कमी असली तर ते आकाशात घडलंच नाही असं धरायचं. तू याला हुकूमशाही म्हणायचीस आणि सही करायचीस.

तर ती वही मी गेल्या आठवड्यात पुरावा म्हणून काढली. कंटाळा आला म्हणतेस ना, मग तुझीच चित्रं तुझ्यापुढे मांडीन, बघ किती मन लावून काढली आहेस असं म्हणेन, हा बेत. जेवणाच्या टेबलावर, भर दुपारी, चांगल्या उजेडात वही उघडली. गच्चीवर आपण टॉर्चला लाल कागद लावून बघतो, त्या उजेडात मी दर वेळी फक्त तुझी सही आणि वेळ तपासायचे. चित्रांकडे सुपरवायझरनं कशाला बघायचं? चित्रं सुंदर असतात हे गृहीतच.

आधी नोव्हेंबरातला शनी नजरेत भरला. त्या दिवसांत शनीचं कडं आपल्याकडे अगदी कडेनं वळलेलं होतं, नळीतून सुई टोचल्यासारखी एक रेघ दिसत होती. माझ्या चार ओळींत तसं लिहिलंय. तुझ्या चित्रात मात्र रुंद झोकदार कडं, मेमसाहेबाच्या टोपीसारखं. मी म्हटलं, चित्रकार मंडळी, थोडं सजवायचीच. मग चंद्र बघितले. आपल्या नळीच्या मागे मान अवघडू नये म्हणून आरशाचा तो वाकडा तुकडा बसवतो ना, त्यानं डावं ते उजवं होतं. नुसत्या डोळ्यांना संध्याकाळचा अर्धा चंद्र उजवीकडे उजळलेला असतो, आपल्या नळीतून डावीकडे. तुझे पहिल्या दीड वर्षातले सगळे चंद्र डावीकडे उजळलेले आहेत. ऑक्टोबरनंतरचे सगळे, एकूणएक, उजवीकडे. पुस्तकात छापतात तसे.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. दुर्बीण खिडकीशी ओढून समोरच्या दवाखान्याच्या पाटीवर लावली. पाटीवरची अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी. आरसा आपल्या जागी होता. मग मी तुला वाढदिवसाला दिलेलं चंद्राचं पुस्तक आठवलं. शिंप्याकडून किल्ली घेतली आणि तुझ्या घरात शिरले. हो, शिरले, करायची असेल तर तक्रार कर. पुस्तक तुझ्या उशाशी होतं, शेजारी ते हातात धरायचं मोठं भिंग, आणि पानापानात तारखांच्या चिठ्ठ्या, तुझ्या वाकड्या होत गेलेल्या अक्षरात. म्हणजे तू आदल्या दिवशी घरी बसून, भिंगाखाली पान धरून, त्या दिवसाचा चंद्र पाठ करायचीस आणि गच्चीवर येऊन तो अंधारात हातानं काढायचीस. खड्ड्यांसकट. पाच महिने! परीक्षेला कधी इतका अभ्यास केला नव्हतास गं.

किल्ली परत द्यायला गेले तेव्हा शिंपी म्हणाला, "बाईंच्या डोळ्यांचं काय झालं पुढे?" मी म्हटलं, कसल्या डोळ्यांचं? तर तो मशीन थांबवून माझ्याकडे बघतच राहिला. दिवाळखोर माणसाकडे बघावं तसा. म्हणे, "जायच्या आधी चार महिने सुईत दोरा मीच ओवून देत होतो त्यांना. दहा-दहा सुया ओवून न्यायच्या. मला वाटलं, तुम्हा दोघींत काही लपून राहत नाही." मी म्हटलं, नाही राहत. आणि वर येऊन जिन्यात बसले. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दारापर्यंत पोहोचलेच नाही. तिथंच, तू ज्या कठड्याला धरून उतरायचीस आणि गुडघे दुखतात म्हणायचीस, त्या कठड्याला डोकं टेकून.

खोटारडी. मला आधी इतकंच सुचलं. साठ वर्षांत माझ्याशी खोटं बोलली नाहीस आणि बोललीस ते थेट लेखी, सहीनिशी! मी वही पुन्हा घेतली, हे नेमकं कुठून सुरू झालं ते शोधायला. डावीकडचा शेवटचा चंद्र आणि उजवीकडचा पहिला चंद्र यांच्या मध्ये एकच पान आहे. रविवार, १९ ऑक्टोबर, साडेसात, शनी. त्या पानावर गोल आहे, आत चित्र नाही. तुझ्या हातानं 'दिसत' असं लिहून खोडलंय आणि पुढे 'दिसलं' लिहिलंय. मला तो दिवस आठवत नव्हता. दोन दिवस आठवत नव्हता. मग आठवला.

तू नळीवरून डोकं उचलून म्हणाली होतीस, "फौजदार, मला नीट दिसत नाहीये गं. मध्येच पुसल्यासारखं होतंय." आणि मी, मच्छर मारत, घाईत, म्हणाले होते, "डोळे आहेत की बटणं? सरक, मला बघू दे." तेवढ्यानं भागलं नाही म्हणून वर एक्स्चेंजमधली ती गोष्ट सांगितली. मी ती सगळ्यांना सांगते, हशा हमखास. एका ऑपरेटरचे कान गेले होते, ती महिनोन् महिने लपवत होती, आणि मी तिला कशी शिताफीनं पकडून बोर्डावरून उठवलं आणि सामानाच्या खोलीत बसवलं. तू हसली नाहीस. मला वाटलं, तुला विनोद कळला नाही. खरं तर त्या गोष्टीत हसण्यासारखं काय आहे हे मीच आता शोधते आहे. ती बाई रिटायर होईपर्यंत त्या खोलीत एकटी डबा खायची.

म्हणजे मी तुला उठवीन असं वाटलं तुला. खुर्चीवरून, गच्चीवरून, माझ्याजवळून. आणि मी उठवायच्या आत तूच उठलीस.

तू गेल्यावर मी एकदाच वर गेले. गुरू लावला. त्याचे चार चंद्र असायला हवेत, मला तीनच दिसले. चौथा त्याच्या मागे गेला असेल किंवा माझ्या चष्म्यावर डाग असेल. "चारच आहेत, नीट बघ" म्हणून भांडायला शेजारी कोणी नव्हतं. लिहिलं, सही केली, दुसऱ्या सहीची जागा रिकामी राहिली. आता नियमानं ते घडलंच नाही. दुर्बीण गुंडाळून कपाटात ठेवली आहे. आणि काल शिंपी सांगत होता की जूनपासून तुझं घर भाड्यानं द्यायचं असं तुझी लेक म्हणते. तुझ्या लेकीला मी फोन केला. तिला यातलं काही ठाऊक नाही. म्हणाली, "मावशी, आईचं वयच झालंय, ती हल्ली वाचतच नाही फारसं." मी हवापाण्याचं विचारून फोन ठेवला. सांगायचं ते तूच सांगायचंस.

आता कशासाठी लिहिलं ते. माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना मी तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पेशंट आणा, मग बोलू. शेजारणीच्या वर्णनावर मी चष्मासुद्धा देत नाही." म्हणून मंगळवार, ५ मे, सकाळी अकराची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. मी बरोबर असेन आणि आत तोंड उघडणार नाही, हे लिहून देते. त्या डोळे बरे होतील म्हणतील किंवा नाही होणार म्हणतील, दोन्हीची मला भीती वाटते, तुला वाटत असेल त्याहून थोडी जास्तच. पण काहीही म्हणाल्या तरी घर भाड्यानं द्यायचं नाही. मी बघेन आणि सांगेन, तू काढ. मला वर्णन करता येत नाही, तू चिडशील, पुन्हा पुन्हा विचारशील, मी पुन्हा पुन्हा बघेन. माझी चूक झाली. हे वाक्य लिहायला तीन पत्रं फाडावी लागली, तेव्हा जपून ठेव. तर उत्तर लेखी पाहिजे. फोन चालणार नाही, फोनवर तू "मजेत आहे गं" म्हणशील आणि मी पुन्हा फसेन. लेकीकडून लिहून घेतलेलं चालणार नाही. तुझ्या हातचं, ओळी एकमेकींवर चढल्या तरी चालतील. ऑक्टोबरात मी तुला जे पुरतं बोलू दिलं नाही, ते लिही: मला दिसत नाही. आणि त्याखाली, येते. शनिवार, २ मे, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

वाट बघणारी, तुझीच
फौजदार