एक टक्क्याच्या आत

३ मार्च, सकाळी ९
आजपासून रोज लिहायचे. विभागप्रमुखाच्या रोजनिशीला पुढे किंमत येते. (प्रमुख अजून झालेलो नाही. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.) नव्या स्फोटकाचा स्फोट सेकंदाला किती मीटर धावेल, हे मी ते न फोडता टेबलावर बसून सांगतो. घनता घ्या, उष्णता घ्या, माझा गुणक लावा. जुन्या फाइलमधल्या चाळीस चाचण्यांशी माझे उत्तर एक टक्क्याच्या आत जुळते. हातच्या काकणाला आरसा कशाला?

५ मार्च
मैदानावरच्या चाचणीवाल्या बाईंचा आकडा आला. माझ्यापेक्षा बारा टक्के कमी. साहेबांना म्हटले, नाचता येईना, अंगण वाकडे. बाईंचे म्हणणे, तीनदा मोजलंय, एकदा येऊन तरी बघा. गेलो नाही. माझे कान नाजूक आहेत. शिवाय आवाज ऐकून गणित सुधारत नाही.

८ मार्च
तक्रार टाइप केली. यंत्र सदोष, व्यक्ती निष्काळजी. घरी ही म्हणाली, बाईचं पोट आहे हो त्यावर. म्हटले, विज्ञानाला पोट नसते. वाक्य बरे जमले, म्हणून उतरवून ठेवतो.

११ मार्च
बाईंची स्टोअरमध्ये बदली. जुनी दप्तरे झटकतात. जिन्यात भेटल्या, बाजूने निघून गेल्या. मत्सर, दुसरे काय. संध्याकाळी प्रमुखाच्या खुर्चीत दोन मिनिटे बसून पाहिले. पाठ छान टेकते.

१४ मार्च
प्रमुख निवडणाऱ्या समितीने त्या चाळीस चाचण्यांच्या मूळ नोंदी मागवल्या. स्टोअरमधून. म्हणजे शोधणार बाईच. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणार बिचाऱ्या. जेवण दोन घास जास्त गेले.

१७ मार्च, दुपारी १
नोंदवही सापडली. बाईंनी ती समितीपुढे मोठ्याने वाचली. अठरा वर्षांपूर्वी मोजण्याचे यंत्र आठ महिने बंद होते. तेव्हा रिकाम्या रकान्यांत कुणीतरी गणिताने काढलेले आकडे भरले आणि समासात 'तात्पुरते' असे लिहिले. चाळीसच्या चाळीस. अध्यक्षांनी विचारले, अक्षर कुणाचं? अक्षर सुरेख आहे. नोकरीला लागलो तेव्हा माझे अक्षर फार सुरेख होते. इतक्या वर्षांत मीच विसरलो होतो.

दुपारी ४
समितीला सांगितले की, अठरा वर्षे माझे माझ्याशी एक टक्क्याच्या आत जुळते आहे, हेही सातत्यच. कुणी हसले नाही. बाईसुद्धा नाहीत. ते जास्त लागले.

२० मार्च
ऑर्डर आली. प्रमुख: बाई. मी: मैदान. हिला सांगितले. ही म्हणाली, कानात घालायला कापूस डब्याच्या पिशवीत ठेवते.

२४ मार्च, सकाळी ७
मैदान. बाईंनी हातात खडू दिला. म्हणाल्या, आकडा मी सांगेन, तुम्ही फक्त फळ्यावर लिहा, अक्षर चांगलं आहे तुमचं. पहिला स्फोट झाला. कापूस पिशवीतच राहिला होता. आकडा ऐकू आला नाही, दोनदा विचारावा लागला. माझ्यापेक्षा बारा टक्के कमी. लिहिला.